खाऱ्या विहिरीच्या पाण्यातलं प्रवाळ

अमरावतीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. आमच्या घरात तो कुणी पाहिलेला नव्हता, मीही नाही. आणि तरी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझं पुढचं सगळं आयुष्य समुद्रातल्या एका बुळबुळीत, पंज्याएवढ्या जिनसेपाशी येऊन अडलं होतं. तेव्हा याचा मला भयंकर संताप यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

आमचा वलगावच्या रस्त्याला मळा होता. भाजीपाला होताच, पण नाव होतं ते संत्र्याच्या कलमांचं. जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि वाढलेलं कलम विकायचं, हे बाबांचं काम. घरात शब्द चालायचा तो मोठ्या काकांचा. बाबा भावांमध्ये धाकटे. बैठकीत ते दाराजवळ बसायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. मी कॉलेजात गेले तीच काकांच्या मते एक चूक झाली होती, आणि ती निस्तरायला त्यांनी अकोल्याकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलाची कापसाची जमीन, घरचा जिनिंगचा कारखाना, सगळं व्यवस्थित. त्या लोकांना वैशाखात लग्न उरकायचं होतं, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास होकार कळवायचा असं ठरत आलं होतं.

मला नागपूरला एम.एस्सी.ला जायचं होतं. हे मी घरात सांगितलं तेव्हा काका हसले. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी एक अट घातली.

"तुया मास्तरानं घरी याव," ते म्हणाले, "आन मोठ्यायच्या समोर तोंडानं सांगाव, का पोरीले नागपूरले धाडा. मंग पाहू."

लेखी शिफारस आणते म्हटलं तर काकांनी हात उडवला. कागदाला आमच्या घरात काडीची किंमत नव्हती. कागद म्हणजे कोर्टाचा नाहीतर तहसिलीतला, आणि दोन्ही वाईटच. बाहेरच्या मोठ्या माणसानं बैठकीत बसून चारजणांसमोर म्हटलेलं तेवढं खरं. म्हणजे आता माझं नशीब आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांच्या तोंडात होतं.

सर पुण्याचे. वऱ्हाडात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण दर उन्हाळ्यात नव्यानं धक्का बसल्यासारखे घाम पुसायचे. विद्वान माणूस, त्यात वाद नाही. पण स्वतःच्याच वाक्याच्या आड येणारा. त्यांच्या खोलीत नमुन्यांच्या बरण्यांचं एक मोठं कपाट होतं. दुसरं महायुद्ध सुरू होतं, स्पिरिट मिळायची मारामार. बरण्यांतलं स्पिरिट उडून अर्ध्यावर आलेलं, आणि आतल्या चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेलेली. त्या वर्षी विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती, म्हणून सरांनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला एकेक बरणी वाटली. नमुना ओळखा, चित्र काढा, पूर्ण नाव लिहून नवी चिठ्ठी लावा.

मुलांना काय मिळालं? एकाला खेकडा. एकाला तारामासा. खेकड्याला खेकडा म्हणायला काय अक्कल लागते? त्यांचं काम आठवड्यात उरकलं. माझ्या वाट्याला जी बरणी आली तिच्यात मळकट पांढऱ्या रंगाचा एक गोळा होता, खाली जाड बुंधा आणि वर बोटांसारखे फुटवे. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं तेवढं टिकलं होतं: पांबन, उथळ पाण्यातून. म्हणजे दक्षिणेकडच्या समुद्रकाठचा. चित्र काढायला एकदा बरणी घरी आणली तेव्हा माझ्या काकूनं ती पाहिली आणि म्हणाली, "फुलगोबी हाये. सडली." आणि ती कामाला निघून गेली. तिचा आत्मविश्वास मला मिळाला असता तर मी कधीच पास झाले असते.

ते होतं मऊ प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं, नाहीतर दगडासारखे खडक. हे तसं नाही. याला दगडी सांगाडा नसतो. सगळं मांसल असतं, आणि त्या मांसात चुन्याचे बारीक बारीक कण पेरलेले असतात. गंमत अशी की वरच्या रूपावर यांची ओळख पटत नाही. एकच जात लाटांच्या माऱ्यात बुटकी बसते आणि शांत पाण्यात उंच वाढते. नाव लागतं ते त्या कणांवरून. बोटाच्या टोकाचा एक चिमूटभर तुकडा घ्यायचा, बुंध्याचा एक घ्यायचा, दोन वेगळ्या नळ्यांत ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाकायचे. मांस विरघळतं, कण तळाशी बसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, टोकाचे कण कोणत्या घडणीचे, बुंध्याचे कोणत्या.

हे सगळं मला सरांनीच शिकवलं. मी वहीत उतरवून घेतलं आणि त्यांच्याकडे पातं मागितलं.

"पातं कशाला?" सर म्हणाले.

"तुकडे घ्यायला, सर."

"छे छे! कापायचं नाही. आपल्याकडे एवढा एकच नमुना आहे. समितीला दाखवायचाय तो."

"मग ओळखू कशी?"

"निरीक्षण करा."

मी निरीक्षण केलं. दिवाळीपर्यंत मी त्या बरणीकडे बघत बसले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, भिंगातून पाहिलं. दर आठ दिवसांनी सर विचारायचे, "झाली का जात निश्चित?" मी म्हणायचे, "कापल्याशिवाय होणार नाही." ते म्हणायचे, "अगदी बरोबर आहे तुमचं. पण कापू नका." असं बोलून माणूस चष्मा पुसत निघून जायचा, आणि मी त्या काचेवर डोकं आपटायचं बाकी ठेवायचे. एकदा धीर करून विचारलं, की आमच्या घरी येऊन दोन शब्द बोलाल का. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "ती चिठ्ठी पूर्ण करा. येतो मी."

दिवाळीच्या सुट्टीत आई भाऊबिजेला माहेरी निघाली. अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात तिचं माहेर. चित्र अपुरं होतं, म्हणून सरांची परवानगी काढून बरणी मी बरोबर नेली. मांडीवर घेऊन बसले होते. गाडीतल्या बायका विचारत होत्या, कशाचं लोणचं हाये म्हणून.

त्या भागातल्या विहिरींची गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. पाणी दिसायला निवळशंक, आणि तोंडात घेतलं की थुंकावं लागतं, इतकं खारट. जनावरंसुद्धा नाखुशीनं पितात. प्यायचं पाणी लांबून आणायचं. मामांची विहीर तर त्यातही नामांकित. मामा मात्र देवमाणूस. माळकरी, कुणाचं दुःख न बघवणारे, आणि याच गोष्टीची मला हल्ली भीती वाटते.

मी त्यांना बरणी दाखवली, समजावून सांगितलं. समुद्रातला जीव आहे, स्पिरिटमध्ये ठेवलाय. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "दारू हाये ही." मी म्हटलं, दारू नाही, औषध आहे. त्यांनी झाकण लावलं. मला वाटलं पटलं. आई मला घेऊन तिच्या मावशीच्या गावी गेली, ती आज निघू उद्या निघू करत सुट्टी संपत आली तेव्हाच परतलो.

वास अंगणातच आला. बरणी विहिरीच्या ओट्यावर उन्हात ठेवलेली, तिच्यात गढूळ पाणी, आणि पाण्यात लोंबणारे पिवळट चिंध्यांसारखे तुकडे. बोटं नाहीत, बुंधा नाही. मामा शेजारी उभे होते, चेहरा पडलेला.

"मामा, हे काय केलं तुमी?"

"अवं, तो जीव दारूत मरून राह्यला होता. समिंदरातला म्हनते ना तू? मंग त्याले खारं पानी पायजे. आपल्या विहिरीचं पानी काय कमी खारं हाये?" आणि मग अगदी हळू आवाजात, "रोज बदलवलं मी. ताजं भरलं रोज. तरी नाही जगला."

तो जीव पांबनला समुद्रातून काढला तेव्हाच मेला होता, मी जन्मायच्या आधी कदाचित. हे त्यांना काय सांगणार? मी तिथेच ओट्यावर बसले आणि रडले. रागानं रडले. त्या दिवशी मला मामांचा, सरांचा, अकोल्याच्या जिनिंगचा आणि जगातल्या सगळ्या समुद्रांचा एकदम राग आला होता. मामांना वाटलं मी त्या जिवासाठी रडतेय. तेही डोळे पुसायला लागले. आता यावर काय बोलावं?

पाणी ओतून टाकायला म्हणून बरणी तिरकी केली, तर तळाशी काहीतरी खरखरलं. हात घातला. पांढरी, जाडसर रेती होती, तांदळाच्या कण्यांसारखी. मामांच्या विहिरीत रेती नव्हती. ही रेती माझ्या प्रवाळाची होती. मला ज्यासाठी पातं हवं होतं, जे महिनाभर मागून मिळालं नाही, ते मामांनी खाऱ्या पाण्यानं सडवून माझ्यासमोर आणून ठेवलं होतं.

कॉलेजात गेल्याबरोबर मी ते कण धुतले आणि काचपट्टीवर घेतले. दोन्ही टोकांना निमुळते, अंगभर खरबरीत फोड असलेले, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे मोठे कण. एवढे मोठे कण बुंध्यात असतात ते एका वंशात, सिन्युलारियात. मी पुस्तकाशी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. शंकाच नव्हती. त्या दुपारी मला इतका आनंद झाला की जेवणाची आठवण राहिली नाही. समुद्र न पाहिलेल्या मुलीनं समुद्रातल्या एका जिवाचं आडनाव शोधून काढलं होतं.

पण नाव नाही. सिन्युलारियाच्या जाती ढीगभर, आणि जात ठरते ती बोटांच्या सालीतल्या अगदी बारीक, गदेसारख्या कणांवरून. ते कण धुळीइतके हलके. मामांनी रोज पाणी बदललं होतं, आणि रोज जुनं पाणी तुळशीला घातलं होतं. जड कण तळाशी राहिले, हलके तुळशीच्या मुळाशी गेले. तळाशी थोडे सापडले, पण ते बोटांचे की बुंध्याचे हे सांगायला आता बोटंही नव्हती आणि बुंधाही नव्हता.

सरांना मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते रिकामी बरणी हातात घेऊन म्हणाले, "खारं पाणी." एवढंच. मग उठून पुस्तक काढलं, एका चित्रावर बोट ठेवलं. "हे पाहा. नमुना साधारण असाच दिसत होता. कणांची काचपट्टी मांडू आणि हे नाव लिहू."

"सर, चित्र बाहेरून काढलेलं आहे. बाहेरून जात ओळखू नये असं तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं. पण समिती येतेय. 'जात अनिश्चित' अशी चिठ्ठी लावायची? आपल्याला काही येत नाही असं दिसेल."

"आपल्याला नाहीच येत, सर."

हे बोलायला नको होतं असं मैत्रिणी नंतर म्हणाल्या. सरांनी पुस्तक मिटलं. "पूर्ण नाव लिहा, मग तुमच्या घरी येण्याचं पाहू."

मी लिहिलं: सिन्युलारिया, जात अनिश्चित. खाली पांबन, उथळ पाण्यातून. आणि घरी येऊन चुलीपुढे बसले, तोंड फुगवून.

बाबांनी विचारलं, मी सांगितलं. वाटलं, निदान हा माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल. कसलं काय!

"लिहून दे ना एक नाव," बाबा म्हणाले. "काय होते त्यानं? कोन पाहाले जाते समिंदरात?"

"पक्कं मालूम नाही तं कसं लिहू?"

"मास्तर सांगून राह्यले ना? लिही म्हनते तं लिही. येऊन जाईन ते घरी."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, कलमाचा डोळा धरला का नाही हे मालूम नसन, तं तुमी ते संत्रं म्हनून विकसान काय? घेनारा पाच वरसं पानी देईन, आन मंग जंबेरी लागन झाडाले. विकसान?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उठून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत रोपांना पाणी देत राहिले. बापाला असं बोलले म्हणून आईनं मला यथेच्छ सुनावलं. मी ऐकून घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही.

समिती आली. तिचं काय सांगावं! सकाळभर आम्ही कपाट पुसत होतो. समितीची माणसं आली, दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या त्या खोलीत चहा प्यायली, खिडक्या मोठ्या आहेत म्हणाली, आणि गेली. कपाटाला कुणी हातसुद्धा लावला नाही. खेकडा नाही पाहिला, तारामासा नाही पाहिला, माझी चिठ्ठी तर दूरच. सर दारात उभे राहून त्यांच्या टांग्याकडे पाहत होते. मला त्यांची जराही दया आली नाही. नंतर आली, पण त्या दिवशी नाही.

तोवर ज्वारी भरली. संक्रांत जवळ आली आणि अकोल्याहून विचारणा झाली. काका म्हणाले, मास्तर काही आला नाही, आता कळवून टाकू. बाबा म्हणाले, "हुरडा झाल्यावर कळवा." आणि मला न सांगता ते कॉलेजात जाऊन सरांना हुरड्याचं आमंत्रण देऊन आले. सर का आले, हे मला कधीच समजलं नाही. पुण्याच्या माणसाला हुरड्याची भूल पडली असेल, किंवा त्या टांग्यानंतर त्यांना घराबाहेर पडावंसं वाटलं असेल.

आगटीभोवती सगळे बसले. काका मधे, सर त्यांच्या शेजारी, बाबा नेहमीसारखे कडेला. मी कणसं चोळून देत होते. गरम दाणे सरांच्या ओंजळीत पडत होते आणि ते फुंकून फुंकून खात होते.

काकांनीच विषय काढला. "मास्तर, आमची पोरगी कशी काय हाये अभ्यासात?"

माझे हात थांबले.

"विचारताय म्हणून सांगतो," सर म्हणाले, आणि इतक्या महिन्यांची त्यांची चीड बाहेर पडली. "ती ऐकत नाही. मी नाव सांगितलं, लिहिलं नाही. पुस्तक दाखवलं, तर माझंच वाक्य मला ऐकवलं. नमुना घालवून बसली, आणि वर मलाच सांगते की आपल्याला येत नाही. मी थकलोय तिच्याशी वाद घालून. नागपूरला पाठवा हिला. तिथे मोठी माणसं आहेत, त्यांच्याशी घालू दे काय तो वाद. माझी सुटका करा."

काका खुश झाले. "म्हंजे पोरगी वांड हाये. मी म्हनत होतो—"

"दादा, थांबा."

बाबा बोलले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण काकांचं बोलणं त्यांनी मधेच तोडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"मास्तर काय म्हनले ते सगळ्यायनं आयकलं ना?" बाबा म्हणाले. "नागपूरले पाठवा म्हनले. मोठ्या मानसाकडे पाठवा म्हनले. मास्तर, म्हनले ना तुमी?"

सरांच्या तोंडात घास होता. "म्हणालो, पण मी—"

"झालं मंग. चार मानसाच्या समोर म्हनले. अकोल्याले मी सोता जाऊन सांगून येतो."

काकांचा चेहरा लाल झाला. पण बाहेरचा मोठा माणूस बैठकीत बसून बोलला होता, आणि हा नियम काकांचाच होता. ते दाणे चघळत राहिले. सरांना काय झालं तेच कळलं नव्हतं. त्यांनी आणखी हुरडा मागितला.

सर गेल्यावर, काका गेल्यावर, मी बाबांवर तुटून पडले. "सगळ्यायच्या समोर मले वांड म्हनून घेतलं! तुमच्या मनात नागपूर होतं तं मले सांगतलं काहून नाही? नाव लिही नाव लिही म्हनून मांगे लागले, मले वाटलं तुमाले माह्यी ब्याद टाळाची हाये. इतके दिवस मी जळून राह्यली एकटी!"

बाबा आगटीवर माती टाकत होते. खाली मान घालूनच बोलले.

"नाव लिहिलं असतं तं मास्तर आले असते, म्हनून म्हनलं. आन तुले सांगून टाकलं असतं, का बाप धाडतो, तं तू भांडली नसती. आन तू नसती भांडली तं मी काय बोलनार होतो दादाच्या समोर? मले त्यायच्यापुढे कधी तोंड उघडता आलं नाही, पोरी. जलमात नाही. तू मले कलमाचं बोलली ना, तवापासून मी रोज मनात म्हनून पाहो, दादा थांबा, दादा थांबा. आज निंगालं तोंडातून."

माझा सगळा राग तोंडातच राहिला, आणि तो आता कुणावर काढायचा हे कळेना. मी त्यांच्याकडून मातीची टोपली घेतली, आणि आम्ही घराकडे निघालो.